सांगड आणि वल्हे

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांमध्ये वाटला जातो. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे पडलेले पाणी पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला मिळते. घाटावर, बुलढाणा-मेहकरकडे पडलेले पाणी पैनगंगेच्या वाटेने गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाते. पाणी दोन्हीकडे निघून जाते, माणसे मागे राहतात. आमच्याकडे समुद्र येतो तो पुस्तकातून. 'विशाखा'मधले (१९४२) कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' शिकवताना समोरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे 'लाट' या शब्दासरशी नेमके काय उभे राहत असेल, असा प्रश्न आम्हाला अनेकदा पडला आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांच्या 'शीळ'मध्ये (१९५४) रान आहे, आणि ते मुलांना सांगावे लागत नाही. शेगावच्या संस्थानाने उद्यान उभारून त्यात तळे केले तेव्हा त्याचे नाव ठेवले आनंदसागर. सागर हा आमच्या भागात असा नावापुरता भेटतो.

समुद्राशी एवढाच परिचय असलेल्या आम्हा दोघांपुढे, कोचीहून लक्षद्वीपला निघालेल्या जहाजावर, एका रात्री जेवणानंतर एक कागद आला. दुसऱ्या दिवशी कल्पेनी बेटावर उतरायचे होते. या सहलीची रीत अशी, की रात्री जहाजावर काढायच्या आणि दिवस बेटांवर. बेटाजवळचे खाजण उथळ असते. मोठे जहाज आत शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. अंधार पडण्यापूर्वी सर्वांना परत आणायचे, म्हणून हाती लागणारे तास मोजके. कागदावर दोन नावे होती, स्नॉर्केलिंग आणि कायाकिंग, आणि त्यांपैकी एकापुढेच खूण करायची होती. शेजारच्या टेबलावरील कुटुंबाने ती अर्ध्या मिनिटात केली. आम्हाला मध्यरात्र झाली.

शब्दापासून सुरुवात करणे ही भाषा शिकवणाऱ्यांची जुनी खोड. दोन्ही शब्द परके आहेत, आणि दोघांचेही मूळ मौजेत नाही. 'कायाक' हा आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचा शब्द: सीलच्या कातड्याने मढवलेली, शिकाऱ्याला बिनआवाज नेणारी अरुंद होडी. 'स्नॉर्केल' हा जर्मन शब्द दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांबरोबर जगभर गेला. पाणबुडी पाण्याखाली असतानाच तिच्या इंजिनाला हवा पुरवणारी ती नळी. एक शब्द शिकारीतून आला, दुसरा युद्धातून, आणि दोघेही आता सुटीच्या दिवशी रांगेत उभे राहिलेल्या माणसांना भाड्याने मिळतात. भाषेच्या संसारात असे पुष्कळदा होते. त्याचे फार नवल वाटून घेऊ नये.

कायाकच्या बाजूने पारडे सहज झुकत होते. दोघांची होडी, दोघांच्या हाती दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढे बसणारा ताल देतो. चष्मा डोळ्यांवर राहतो. बोलता येते, आणि ज्यांचे आयुष्य बोलण्यात गेले त्यांना हे लहानसे सुख नव्हे. शिवाय खाजणाचा आकार त्यातूनच कळतो: कुठे पाणी फिके हिरवे, कुठे एकदम गडद, कुठे बाहेरची लाट खडकावर फुटून पांढरी रेघ उमटते. स्नॉर्केलिंगमध्ये यातले काहीच नाही. चष्म्याच्या काड्या मुखवट्याची कड चेहऱ्यावर नीट बसू देत नाहीत, म्हणून तो काढून ठेवायचा. नाक बंद, तोंडात नळी, चेहरा पाण्यात. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ भासते, ही कमी दिसणाऱ्याला निसर्गाने दिलेली किंचित भरपाई. पण शेजारी कोण आहे ते दिसले तरी त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही. 'आम्ही' म्हणून पाण्यात उतरलेले दोघे मुखवटा चढवताच 'मी' आणि 'मी' होतात.

खरी अडचण मात्र याहून जुनी होती. आमच्यापैकी एकाला पोहता येते, एकीला येत नाही. ही काही स्वभावातील तफावत नव्हे. आमच्या लहानपणी आमच्या गावांकडे पोहणे शिकण्याची जागा म्हणजे मळ्यातली विहीर. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड बांधून थोरली माणसे त्यांना पाण्यात सोडून देत. पंधरा दिवसांत सांगड सुटे आणि मुलगा काठावरून उड्या मारू लागे. मुली काठावर बसत. त्या भावांचे कपडे सांभाळत, कोण किती वेळ बुडी मारतो ते मोजत. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आम्ही दोघांनीही निबंधांत शेकडो वेळा वापरला असेल. सांगड ही वस्तू मात्र आमच्यापैकी एकाच्याच पाठीला लागली आहे. त्या रात्री कागदावरची निवड आम्ही करीत होतो असे वरवर दिसत होते. तिचा बराचसा भाग चाळीस वर्षांपूर्वी कोणाला पाण्यात उतरू दिले आणि कोणाला नाही यावर ठरून गेलेला होता.

म्हणून ज्याला पोहता येते त्याने समंजसपणे कायाक सुचवली. जिला येत नाही तिने स्नॉर्केलिंगवर बोट ठेवले. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: काठावरून बघणे आता पुरे झाले.

यात लोणारचा संदर्भ होता, तो बुलढाण्याच्या वाचकाला सांगावा लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. लोणारचे सरोवर म्हणजे बेसॉल्टच्या काळ्या कातळात अशनी आदळून झालेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. काठापासून तळापर्यंतचा उतार सुमारे १३७ मीटर. पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी. मासे त्यात जगत नाहीत. स्कंदपुराणाच्या आधाराने लवणासुराची कथा सांगितली जाते. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि खारपाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. या सरोवराशी आमचे नाते कड्यावर उभे राहून खाली बघण्याचे. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचे, हाताने गोल दाखवायचा, 'केवढे मोठे' म्हणायचे. विहिरीचा काठ आणि लोणारचा कडा, एवढ्या दोन ठिकाणांवरून आमच्यापैकी एकीने आयुष्यभर पाणी पाहिले होते. कायाक हा तिच्या मते तिसरा काठ होता, फक्त तरंगता.

युक्तिवाद म्हणून याला उत्तर देता आले असते, आणि आम्ही ते दिलेही. लक्षद्वीपची बेटे कंकणद्वीपांच्या मालिकेतली आहेत. त्यांचा अर्थच त्यांच्या वर्तुळात आहे, आणि वर्तुळ पाण्यात तोंड घालून दिसत नाही. ज्वालामुखींच्या बुडालेल्या तोंडांवर प्रवाळ वाढून अशी कडी तयार होतात, असे चार्ल्स लायेलला वाटत होते. डार्विनने १८४२ च्या ग्रंथात निराळे स्पष्टीकरण दिले: बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने प्रवाळ उजेडासाठी वरवर वाढत राहतो, आणि शेवटी मधले बेट नाहीसे होऊन केवळ कडे उरते. याहून जवळची गोष्ट अशी, की ज्या उष्णस्थानातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच उष्णस्थानावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना मागे समुद्रतळावर जी रांग उमटत गेली, तीच लक्षद्वीपच्या बेटांचा पाया आहे. ते उष्णस्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली जागे आहे. म्हणजे लोणार ज्या काळ्या दगडात कोरले गेले तो दगड आणि कल्पेनीच्या पांढऱ्या वाळूखाली खोल दडलेला दगड एकाच घराण्यातले. आकारही दोन्हीकडे गोल. एक वरून क्षणात पडलेला, दुसरा खालून वर्षाला काही मिलिमीटरांनी वाढलेला. हे सारे कायाकमध्ये बसून नजरेने फिरून यावे, असे ज्याला पोहता येते त्याचे म्हणणे.

त्यावर उत्तर आले ते असे: आकार कुठे जात नाही. तो उद्या संध्याकाळी जहाजाच्या डेकवरूनही दिसेल. ज्यांनी तो बांधला त्यांची मात्र खात्री देता येत नाही.

हे उत्तर भावनेचे नव्हते. समुद्राचे पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापून राहिले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारे, अन्न आणि रंग देणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप टिकला तर उपासाने मरतो. लक्षद्वीपमध्ये असे १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर घडले, आणि २०२४ मध्ये पुन्हा घडल्याची नोंद केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केली. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील प्रवाळांची चोवीस वर्षे पाहणी करणाऱ्या संशोधकांच्या हिशेबाने, १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळाचे आच्छादन २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. प्रवाळ आहे तोवर लाटा बाहेरच्या बाहेर मोडतात आणि आत माणसे राहू शकतात. तो नसेल तर वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीला दुसरा आधार नाही. कल्पेनीच्या पूर्वेला १८४७ च्या वादळाने रचलेला प्रवाळाच्या तुकड्यांचा बांध आजही आहे. समुद्र आत आला तर काय करू शकतो हे त्या बेटाला निराळे शिकवायला नको. आम्ही स्नॉर्केलिंगपुढे खूण केली.

पाण्यातल्या तासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे शब्द नव्हतेच. अंगात केशरी लाईफ जॅकेट, म्हणजे चाळीस वर्षे उशिरा बांधलेली सांगड. पहिली काही मिनिटे केवळ श्वासाचा आवाज: नळीतून स्वतःचा श्वास इतका मोठा ऐकू येतो की तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा असे वाटते. वाटाड्याने दोनच नियम सांगितले होते. नाकाने श्वास घ्यायचा नाही, आणि पाय टेकायचे नाहीत; तुम्ही ज्याला दगड समजून उभे राहाल तो जिवंत असू शकतो. दुसरा नियम काठावरच्या माणसाला नवा असतो. आपल्याकडे पोहता न येणाऱ्याचा सारा धीर पाय टेकण्यात असतो. तिने पाय टेकले नाहीत. हात मात्र शेवटपर्यंत धरून ठेवला, आणि ज्याला पोहता येते त्याला प्रथमच कळले की पाण्यात हात धरणारा जितका घट्ट धरतो, तितकाच धरून ठेवणाराही.

खाली जे दिसले ते माहितीपत्रकातले नव्हते. फांद्यांसारख्या वाढणाऱ्या प्रवाळांची कितीतरी खोडे करडी, शेवाळलेली, मोडलेली. वणवा लागून गेलेल्या रानासारखी. त्यांतच मधे कुठे पिवळसर तपकिरी, जिवंत गोळे, आणि त्यांवर नाजूक हालचाल. पोपटमासा खडक कुरतडत होता आणि ते कुरतडणे कानांना स्पष्ट ऐकू येत होते. प्रवाळ चावून तो वाळू करून टाकतो. आदल्या तासाला आम्ही जिच्यावर चपला काढून ठेवल्या ती पांढरीशुभ्र वाळू काही अंशी त्याच्या पोटातून आलेली होती. हे वाचून ठाऊक होते. वाचलेले आणि ऐकलेले एकाच क्षणी एकावर एक बसण्याचा अनुभव वाचकाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही.

संध्याकाळी डेकवरून आकार दिसला, तिने म्हटल्याप्रमाणेच: आत फिका हिरवा, मधे फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, बाहेर काळपट निळा. वरून बघताना आता त्या हिरव्यात करड्या फांद्या आहेत हे आम्हाला ठाऊक होते, आणि त्यामुळे तो हिरवा सकाळइतका निरागस राहिला नव्हता. शेजारच्या टेबलावरील कुटुंबाने कायाक निवडली होती. त्यांची मुलगी, दहा-बारा वर्षांची, उन्हाने लाल झालेले दंड दाखवत वल्हे कसे मारायचे ते आम्हाला समजावून सांगत होती. मागे कोण बसले होते, असे आम्ही विचारले. "मीच," ती म्हणाली, "बाबांना दिशा ठेवता येत नाही."

परतल्यावर गावातल्या तरणतलावावर स्त्रियांच्या सकाळच्या वेळेत एक नाव नोंदवले गेले आहे. शिकवणारी मुलगी आमचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. ती बाईंना 'बाई' म्हणते आणि पाय सरळ ठेवत नाहीत म्हणून रागावते. हल्ली सांगड नसते. थर्मोकोलची फळी देतात. ती फळी हातातून सुटायला पंधरा दिवसांहून बरेच अधिक लागले.

कायाक राहिली आहे.