पुराचा गाळ

२००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला. तिला मिळणारी आमची पूर्णा नदीही फुगली आणि नदीकडच्या वस्तीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. मी तेव्हा शाळेत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही फावड्याने गाळ बाहेर ओढू लागलो, तर अम्मी म्हणाली, "फेको मत, झाड को डालो." अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात तो गाळ पडला. पुढच्या बहराला झाड लिंबांनी वाकलं.

आठवीला नद्या शिकवताना ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. यंदा तिला जोडून किरगिझस्तानातल्या माइलू-सू गावाची सांगितली. सोव्हिएत राजवटीत १९४६ ते १९६८ पर्यंत तिथे युरेनियम काढलं गेलं. दगड दळून युरेनियम वेगळं केलं की चिखल उरतो. दगडातली बहुतेक किरणोत्सारिता त्या चिखलातच राहते. तो नदीकाठच्या दरीत साठवला होता. एप्रिल १९५८ मध्ये एक बांध फुटला आणि सुमारे सहा लाख घनमीटर चिखल नदीत गेला. हीच नदी खाली फरगाना खोऱ्यातली शेतं भिजवते.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, वो गाळ भी झाड को डालते क्या?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्या चिखलातलं रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. कोणता मातीचा बांध तेवढे पावसाळे झेलेल?

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि नदीत गेला. कोळशाच्या राखेतही अल्पसं युरेनियम असतं, आर्सेनिक असतं, पारा असतो. ती युरेनियम खाणीच्या चिखलाइतकी घातक नाही, पण धडा तोच आहे.

"फिर नदी के बाजू में कायको रखते?" मुलीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "बेटा, तिथे पाणी हाताशी असतं, जागा स्वस्त पडते आणि खालच्या गावांना कुणी विचारत नाही."

पूर येणारच. तो गाळ आणणार की जहर, हे मात्र आपण काठावर काय ठेवतो त्यावर ठरतं. म्हणून उद्या गावाजवळ राखेचा, रसायनाचा, कसलाही साठा होणार असेल, तर नोकऱ्या किती मिळतील हे विचारताना एवढंही विचारा: पूररेषा कुठे आहे?