नाक हलकं, शेपूट जड

वळणावर गाडी ऐकत नाही, सरळच सुटते, अशी तक्रार घेऊन पुतण्या दुकानात गेला आणि जास्त ताकदीची मोटर घेऊन परत आला. अजीर्ण झालेल्याला आणखी दोन पुरणपोळ्या वाढाव्यात, तसा प्रकार. दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

गाडी तामियाची ‘ग्रासहॉपर’. 1984 साली जपानमध्ये निघालेली आणि 2005 मध्ये पुन्हा बाजारात आलेली रिमोटची बग्गी. सुटे भाग घरी जोडायचे. जोर मागच्या चाकांना, पुढची फक्त वळण्यापुरती. बाकी तपशील सोडून देऊ. पण हिची मोटर आणि गिअरबॉक्स थेट मागच्या अ‍ॅक्सललाच जोडलेले असतात, हे सांगायलाच हवं. चाक दगडावर चढलं की मोटरही त्याच्यासोबत उडते. वर स्प्रिंग आहे, पण उसळी जिरवायला तेलाचा शॉक नाही.

कंपनीने हिला 380 आकाराची छोटी मोटर दिली होती. दुकानातून आली ती 540, वजनाला जवळजवळ दुप्पट. म्हणजे मुळातच शेपटाकडे जड असलेल्या गाडीच्या शेपटालाच आणखी भार, आणि तोही स्प्रिंगच्या खालचा, प्रत्येक धक्क्याला नाचणारा! शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रिगर ओढला की पुढची चाकं मुरमावरून अलगद उचलली जायची. हवेतली चाकं कितीही वळवा, गाडी वळणार कशी?

शेवटी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागून आणला. पुढची चाकं काट्यावर, मागच्यांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं, मग उलट. मागच्या चाकांवर जवळजवळ दोन-तृतीयांश वजन निघालं.

एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही, हे दुकानदाराच्या वतीनेही सांगायला हवं. टीम असोसिएटेड या कंपनीच्या ‘आरसी10’ बग्गीची मोटरही मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागेच होती, आणि तिनेच 1985 मध्ये टू-व्हील ड्राइव्हचं जगज्जेतेपद मिळवलं. सुट्या मातीत, ज्या चाकांना जोर त्यांच्यावरच वजन असलं की पकड मिळते. पुढे कार्पेटचे आणि कृत्रिम गवताचे ट्रॅक आले. तिथे पकड आयतीच मिळते, म्हणून मोटर अ‍ॅक्सलच्या पुढे सरकली. 2015 मध्ये जपानच्या याताबे इथे, कृत्रिम गवतावर, स्पेन्सर रिवकिनने तेच जगज्जेतेपद जिंकलं ते अशाच गाडीवर. म्हणजे पहिला प्रश्न जमिनीचा. गाडी कुठे चालवतोस, एवढं विचारायला दुकानदाराला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्याने फक्त बजेट विचारलं.

उपाय टायरवाल्याकडे मिळाला. चाकाच्या बॅलन्सिंगसाठी रिमला चिकटवतात त्या वजनाच्या पट्ट्या, पाच-पाच ग्रॅमच्या. पुढच्या बंपरच्या आतल्या बाजूला त्या लावल्या तशी गाडी वळायला लागली. मग पुतण्याने उत्साहाच्या भरात पट्ट्या वाढवल्या, आणि वेगात ब्रेक दाबला की शेपूट गर्रकन फिरायला लागलं. ब्रेक लावताना भार पुढे येतो. पुढे आधीच वजन वाढवलेलं असेल तर मागची चाकं जमीन सोडायला टपलेलीच असतात. निम्म्या पट्ट्या काढल्या. एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. आणि वळणाच्या जरा आधी ट्रिगर सैल सोडावा. भार आपोआप पुढे येतो, पैसाही लागत नाही.

आता 540 काढून जुनी मोटर बसवू म्हटलं, तर पुतण्या अडून बसला. “काका, मोटर राहू दे ना. चाकं उचलते तेव्हाच तर मजा येते!” यावर काय बोलणार? तामियाची ‘लंच बॉक्स’ ही व्हॅन 1987 पासून लोकांना आवडत आली ती याच चाळ्यासाठी. पुढची चाकं हवेत घेऊन ग्रासहॉपर धूळ उडवत निघाली की मीही कठड्याला टेकून बघत राहतो. तेव्हा 540 राहिली. मागणी आता तेलाच्या शॉकची आहे, आणि त्यासाठी दुसरं दुकान शोधणं चालू आहे.