धनुर्मासांतील चेन्नई

आपल्याकडे धनुर्मास म्हटला कीं पहाटेची मुगाची खिचडी, लोणी-भाकरी आणि उगवत्या सूर्याचा नैवेद्य हीं आठवतात. तमिळनाडूंत ह्याच महिन्यास मार्गळी म्हणतात. डिसेंबरच्या मध्यास तो लागतो व मकरसंक्रांतीस संपतो. पोंगल नांवाची मुगाची खिचडी तेथेंही देवापुढें जाते. परंतु चेन्नई शहरीं ह्या महिन्याचा मुख्य नैवेद्य गाण्याचा असतो. श्रोत्यांचें गांव कसें असतें हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें मुंबईहून सुमारें एका अहोरात्राचा आगगाडीचा प्रवास करून ह्या दिवसांत तेथें जावें.

मुक्काम मैलापुरांत करावा. पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून भजनी मंडळी गात जातात. पापनाशम् शिवन् ह्या विख्यात रचनाकारांनीं ही भजनफेरी अनेक वर्षें चालविली. दिवस वर आला कीं सभा सुरू होतात. सभा म्हणजे व्याख्यानाची बैठक नव्हे. गाणें ऐकण्यासाठीं रसिकांनीं चालविलेली संस्था, हा त्या शब्दाचा तेथील अर्थ. त्रिप्लिकेन भागांतील पार्थसारथि स्वामी सभा १९०० सालची आहे. १९२७ च्या डिसेंबरांत मद्रासेस काँग्रेसचें अधिवेशन भरलें; त्याला जोडून संगीत-परिषद झाली, आणि तिच्यांतून १९२८ सालीं म्युझिक अकॅडमी उभी राहिली. तिचा वार्षिक उत्सव डिसेंबरांत होऊं लागला व इतर सभांनींही तोच काळ धरला.

ह्या सभांचें महत्त्व समजण्यास तंजावरकडे पाहिलें पाहिजे. तेथील भोसल्यांचा दरबार वाचकांस ठाऊक असेलच. सरफोजी राजांच्या अमदानींत, म्हणजे १७९८ ते १८३२ ह्या काळांत, कावेरीकांठीं तिरुवैयार येथें त्यागराज आपल्या कृति रचीत होते, आणि तंजावरचा दरबार गुणी जनांचा मोठा आश्रयदाता होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें राज्य खालसा झालें. पुढें गवई आणि वादक हळूहळू मद्रासेकडे वळले. जें स्थान राजाचें होतें, तें तेथें तिकीट काढणाऱ्या श्रोत्यास मिळालें.

हा श्रोता मोठा पाहण्याजोगा असतो. मैफलीस तेथें ‘कच्चेरी’ म्हणतात. पण सरकारी कचेरीचा आळस तिच्यांत नसतो. श्रोत्याच्या हातांत महिन्याच्या कार्यक्रमांची पुस्तिका असते व तींत पेन्सिलीच्या खुणा असतात. गायक आलापना सुरू करतो न करतो, तोंच ‘राग कोणता?’ अशी कुजबुज होते. पुष्कळांजवळ कृति आणि त्यांचे राग ह्यांची यादी असलेलें लहानसें पुस्तकही असतें. मांडीवर हात टाकून व बोटें मोजून ताल धरला जातो. एखादी जागा साधली कीं ‘भले’, ‘शाबास’ हे उद्गार कानीं येतात, आणि मराठी माणसास क्षणभर घरीं असल्यासारखें वाटतें.

परंतु खरी बैठक सभेच्या उपाहारगृहांत भरते. केळीच्या पानावर पोंगल-वडा, शेजारीं वाफाळलेली कॉफी, आणि ‘काल कोणास ऐकलेंत?’ हा पहिला प्रश्न. तोडी कोणाची ऐकावी, कांबोजी कोणाची, ह्यावर आजोबा आणि नातू सारख्याच हिरिरीनें भांडतात. केवळ गायकाचाच पक्ष घेतला जातो असें नव्हे. व्हायोलिनवर कोण, मृदंगावर कोण, घटावर कोण, असा सगळा संच पाहून पाय कोणत्या सभेकडे वळवावयाचे तें ठरतें. मात्र मृदंगाचें स्वतंत्र वादन सुरू झालें कीं ह्याच रसिकांपैकीं कांहीं जण कॉफीसाठीं उठतात! वादकांची ही जुनी तक्रार अगदीं रास्त आहे.

श्रोता राजा झाला, कीं राजाचे दोषही त्याला चिकटतात. आवड सांगितल्यानें वाढते. पण ती त्याच त्या मंडळींत फिरत राहिली तर तिचें कुंपण बनतें. कच्चेरींतील बहुतेक रचना तेलुगु व संस्कृत. तमिळ पदें शेवटीं ‘तुक्कडा’ म्हणून यावयाचीं. ह्या असंतोषांतून १९४३ सालीं तमिळ इसै संगम् स्थापन झाला. म्युझिक अकॅडमीची ‘संगीत कलानिधि’ ही पदवी एका गायिकेस प्रथम मिळाली ती १९६८ सालीं, एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी ह्यांना. देवदासी घराण्यांनीं आणि नागस्वरम् वाजविणाऱ्यांनीं हें संगीत पिढ्यान्‌पिढ्या जपलें. तरी सभागृहांतील श्रोतृवर्ग बहुतांशीं ब्राह्मणच राहिला. २०१५ सालीं टी. एम्. कृष्णा ह्या नामांकित गायकानें डिसेंबरच्या उत्सवांत न गाण्याचें जाहीर केलें. आणि त्याच वर्षीं त्याच्या पुढाकारानें ऊरूर-ओल्कॉट कुप्पम् ह्या समुद्रकांठच्या कोळीवस्तींत उघड्यावर संगीताचा उत्सव झाला. त्याचीं सर्व मतें पटोत वा न पटोत, त्यानें विचारलेला प्रश्न प्रत्येक रसिकानें स्वतःला विचारण्याजोगा आहे: आपल्या शेजारची खुर्ची कोणासाठीं मोकळी आहे?

२०१७ सालीं युनेस्कोनें संगीताचें सर्जनशील नगर म्हणून चेन्नईस आपल्या नगरमालिकेंत घेतलें. हा मान गवयांचा, तितकाच ऐकणारांचाही आहे. आज प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र तार असते. एकाच घरांत चार माणसें चार गाणीं ऐकतात आणि एकमेकांस तीं कळतही नाहींत. अशा काळीं ह्या शहराचा धडा घेण्यासारखा आहे. तेथें जाणाऱ्यांनीं मोठ्या नांवांच्या संध्याकाळच्या मैफली अवश्य ऐकाव्या. पण एखादी दुपार नवोदितांच्या कच्चेरीस द्यावी. पुष्कळ ठिकाणीं तिला तिकीट नसतें, आणि खुर्च्याही बऱ्याच रिकाम्या असतात. मुलांना बरोबर न्यावें, मृदंगवादन सुरू झाल्यावर उठूं नये, आणि आवडलें तें बाहेर आल्यावर अशा कोणास तरी सांगावें, कीं ज्याला तें अजून कोणीच सांगितलेलें नाहीं.