सवड

वाचन, प्रवास आणि कलांचा आस्वाद हे सुखवस्तू लोकांचे छंद होत, असा पुष्कळांचा समज असतो. ज्याला पोटाची चिंता नाही त्याने पुस्तके वाचावीत, ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने देश पाहावेत, आणि ज्याला दुसरा उद्योग नाही त्याने गाण्यात व चित्रांत रमावे, असे म्हणून कष्टकरी मनुष्य हे तिन्ही आनंद आपल्या आयुष्यातून स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. ‘हौस पुष्कळ आहे; पण सवड कोठे आहे?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. गोदावरीच्या काठच्या परभणी जिल्ह्यात ते सापडते.

या जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. लहानपणीच ती पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून तेथेच राहिली. दळण, कांडण, झाडलोट आणि पाणी भरणे यांत तिचा दिवस सरत असे. सवड हा शब्द तिला ठाऊक तरी असेल काय? तरीही जात्याची घरघर चालू असताना तिला अभंग सुचले. हात खुंट्याला जखडलेले होते. मन मात्र मोकळे होते. आपल्याबरोबर विठ्ठलही दळावयास बसतो, असे तिला वाटे. पंढरपुराजवळच्या गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवितात. ज्याने तिचे अभंग वाचलेले नाहीत त्याला तेथे एक जुना दगड दिसतो. ज्याने वाचलेले आहेत त्याची पावले मात्र तेथे आपोआप थबकतात.

जनाबाईनंतर सहा शतकांनी याच जिल्ह्यात सातोना या गावी भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. ते साल होते १९१३. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ या नावाने ओळखतात. त्या काळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी पुस्तक हाती धरणे ही तेव्हा केवळ करमणूक नव्हती. आपली भाषा जिवंत ठेवण्याचा तो एक मार्ग होता. गावोगावच्या लहानशा वाचनालयांनी हे काम निमूटपणे केले. अशा काळात बी. रघुनाथ परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी करीत होते. दिवसभर सरकारी कागदांवर चालणारी लेखणी उरलेल्या वेळात कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत असे. १९५३ साली, वयाची चाळीस वर्षे पुरी होतात न होतात तोच, त्यांचे निधन झाले. एवढ्या थोड्या आयुष्यात आणि एवढ्या थोड्या सवडीत त्यांनी जे लिहून ठेवले, ते मराठी साहित्यात मानाने टिकून आहे.

पुढे १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीस भरले. त्याचे अध्यक्ष होते कवी नारायण सुर्वे. मुंबईच्या एका गिरणी कामगाराने पोरक्या अर्भकास जवळ केले आणि आपले नाव दिले. तेच हे सुर्वे. गिरणीत राबून, शाळेत शिपायाचे काम करून ते शिकले व पुढे शिक्षक झाले. दासी, कारकून आणि कामगार अशा तिघांचा संबंध एका जिल्ह्याशी यावा, हा योगायोग असेल. पण त्यातून मिळणारा बोध योगायोगाचा नाही. सवड कोणी आणून देत नाही. ज्याला खरी ओढ असते तो ती दिवसाच्या फटीफटींतून गोळा करतो.

प्रवासाचेही असेच आहे. दूरच्या देशास जाणे सर्वांना साधत नाही. पण जवळचे पाहण्यास कोणाची आडकाठी आहे? गंगाखेड तालुक्यात धारासूर येथे गोदावरीच्या तीरी गुप्तेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या रेखीव मूर्ती आहेत. जिंतूर तालुक्यात चारठाणा येथे जुनी देवालये आणि एक उंच दगडी स्तंभ आहे. बाजारास निघालेला मनुष्य त्यांच्यावरून शंभर वेळा जातो आणि एकदाही मान वर करीत नाही. त्याच मनुष्याने शिल्पकलेवरचे एखादे पुस्तक वाचले, म्हणजे त्याला कळते की या सुंदरींना शास्त्रात निरनिराळी नावे आहेत. आरशात पाहणारी ती दर्पणा. जुन्या कारागिरांनी चुन्यावाचून, केवळ दगडात दगड अडकवून, अशी देवालये उभी केली, हेही त्याला समजते. मग तो थांबतो, निरखतो, आणि घरी येऊन तेच पुस्तक पुन्हा उघडतो. पुस्तक त्याला मंदिराकडे नेते आणि मंदिर पुन्हा पुस्तकाकडे आणते. वाचन, प्रवास आणि कला ही तीन भावंडे अशी एकमेकांचा हात धरून चालतात.

हे न पाहण्यात नुकसान केवळ त्या मनुष्याचेच होत नाही. ज्या मूर्तीकडे कोणी पाहत नाही तिचा दगड उद्या पायरीला लागतो. जे पुस्तक कोणी मागत नाही त्याला वाचनालयाच्या कपाटात वाळवी लागते. कलावंत कलाकृती एकदाच निर्माण करतो. तिला जिवंत ठेवण्याचे काम रसिकाला रोज करावे लागते. त्यासाठी धन लागत नाही, मोठे पांडित्यही लागत नाही. निजण्यापूर्वी वाचलेली चार पाने आणि वाटेवरच्या देवळापाशी घटकाभर थांबलेले पाऊल, एवढे पुरते. जात्यापाशी बसलेल्या दासीला जी सवड काढता आली, ती इतरांना काढता येऊ नये काय?