मोहोळच्या ओट्यावर खो-खोचा हिशेब

वाचकहो, मोहोळ हे काही हवापालटाला जाण्याचे ठिकाण नव्हे. सोलापूर-पुणे महामार्गावरचे तालुक्याचे गाव, नागनाथाच्या देवळासाठी पंचक्रोशीत ओळखले जाणारे. पंढरपूरकडे जाणारे इथे रस्ता बदलतात, चहा घेतात आणि पुढे जातात. आम्ही उभयता गेलो ते अक्काच्या नव्या खोलीच्या घरभरणीसाठी. पावसाळा तोंडावर होता. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापूर गाठले आणि स्टँडवरून मोहोळची एस.टी. धरली.

या रस्त्यावर खिडकीची जागा मिळाली तर सोडू नये. शहर संपता संपता केगावला विद्यापीठाची कमान दिसते. २००४ साली एका जिल्ह्यापुरते हे विद्यापीठ निघाले, २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. त्याआधी इथली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे चिंचोळीची एम.आय.डी.सी. लागते. आम्ही गेलो तेव्हा पहिली पाळी आत शिरत होती. त्यात डबा छातीशी धरलेल्या, ओढणीने तोंड बांधलेल्या कितीतरी मुली होत्या. मग सावळेश्वरचा टोलनाका, आणि त्यापुढे लांबोटी. लांबोटीचा चिवडा घेतल्याशिवाय इथून गाडी पुढे जात नाही असे म्हणतात. आमची गेली, कारण कंडक्टरला उशीर झाला होता.

लांबोटीला सीना नदी आडवी येते. २०२५ च्या सप्टेंबरात हिला असा पूर आला की महामार्गावरची वाहतूक बंद ठेवावी लागली. आम्ही पाहिली तेव्हा पात्रात पाण्याची एक बारीक रेघ होती. याच नदीने आमच्या भाचीच्या संघाचा मागचा हंगाम कसा खाल्ला, ते आम्हाला संध्याकाळी कळले.

घरभरणी झाली, परित्राण पाठ झाला, जेवणे उरकली. ऊन उतरल्यावर दाजी म्हणाले, "चला मामा, ओट्यावर. आज बैठक हाय."

आम्हाला वाटले, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब असेल. विहाराशेजारच्या ओट्यावर आठ-दहा माणसे बसलेली. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, एक टेम्पोवाला, एक शिंपीकाम करणारे गृहस्थ, कॉलेजची दोन पोरे आणि भाजीची पाटी बाजूला ठेवून बसलेली एक आजी. जयभीम झाला, चहा आला आणि कंडक्टरसाहेबांनी खिशातून वहीचे पान काढले. त्यावर बारा आकडे होते आणि सहांवर काट मारलेली होती.

तो मुलींच्या खो-खो संघाचा हिशेब होता. कुठल्या कॉलेजचा, ते आम्ही लिहीत नाही. मुली लहान आहेत, आणि छापून आलेले सगळ्यांच्याच घरी आवडते असे नाही.

काट मारलेल्यांची हकिकत अशी. चौघींचे शिक्षण संपले. पाचवीचे वैशाखात लग्न झाले, ती बार्शीकडे गेली. सहावी चिंचोळीला पॅकिंगच्या कामाला लागली. सकाळी आम्ही फाटकाशी पाहिलेल्या मुलींत ती असेलही. राहिल्या सहा. अकरावी-बारावीतून वर येणाऱ्या दोघी-तिघी चांगल्या आहेत, पण त्या अजून मोठ्या गटात खेळलेल्या नाहीत.

"बसती आपली चांगलीच हाय," टेम्पोवाले म्हणाले. "खांबावर सूर मारणारी दुसरी आख्ख्या जिल्ह्यात दाखवा."

"बसतीनं काय होतंय?" कंडक्टरसाहेब म्हणाले. "पळती कच्ची हाय की आपली."

ज्यांनी खो-खो शाळेत सोडला त्यांच्यासाठी सांगतो. एक संघ ओळीने बसून पाठलाग करतो, दुसरा पळतो. पळणाऱ्या एकदम नऊ उतरत नाहीत, तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. कंडक्टरसाहेबांचे गणित सरळ होते. पाळी नऊ मिनिटांची धरा. पहिल्या तुकडीने चार मिनिटे काढली तर पुढच्या दोघी तुकड्यांना मिळून पाचच मिनिटे काढायची राहतात, आणि समोरच्या बसणाऱ्या उठबस करून दमलेल्या असतात. पहिली तुकडीच दोन मिनिटांत कापली गेली तर मागच्यांवर सात मिनिटांचा डोंगर येतो आणि कच्च्या पोरी घाबरून आपणहून हातात सापडतात. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात हेच झाले. समोर वेळापूरकडच्या मुली होत्या. वेळापूर हे खो-खोचे गाव, तिकडे लेकरू चालायला लागले की चौकोनात बसते अशी थट्टा आहे.

"सराव कुठं झाल्ता पर?" एक पोरगा म्हणाला. "पंधरा दीस मैदानात गुडघाभर चिखल."

हेच ते सीनेचे दुखणे. इकडे पाऊस येतो तो सप्टेंबरात, आणि कॉलेजच्या स्पर्धाही त्याच्याच मागोमाग येतात. काळी माती भिजली की तिच्यावर पळता येत नाही आणि वाळली की भेगा पडून घोटा मुरगळतो. नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या दोन मुलींच्या घरातच पाणी शिरलेले होते. त्यांना सरावाला या म्हणून कोण सांगणार? बाकीच्यांनी डांबरी रस्त्यावर पळून पाहिले, तर नडग्या भरून आल्या. दिल्लीला जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला तो मॅटवर. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. ओट्यावरच्या सगळ्यांनी तो सामना मोबाईलवर पाहिलेला आहे, आणि मॅट मात्र एकानेही हात लावून पाहिलेली नाही.

आमच्या भाचीचा आकडा त्या कागदावर पहिला होता. काट नव्हती, पण पुढे प्रश्नचिन्ह होते.

आजीने दाजींकडे पाहिले आणि विचारले, "पुसायचं का ठिवायचं?"

दाजी चहा पीत राहिले.

पुण्याकडचे एक स्थळ आले होते. मुलगा कंपनीत कायम, माणसे चांगली. रविवारी पाहायला येणार होते, आणि जमले तर दिवाळीआधी उरकायचे म्हणत होते. म्हणजे स्पर्धेच्या ऐन तोंडावर. भाची पळतीची पहिली तुकडी. ती गेली तर कंडक्टरसाहेबांचे चार मिनिटांचे गणित कुणावर मांडायचे? ओट्यावरची माणसे संघाचे बोलत होती, पण बोलणे होते एका बापाशी, आणि तेही त्याच्याकडे न बघता. दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात बोलू नये ही रीत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कंडक्टरसाहेबांनी शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट काढली.

धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाची कर्णधार, सुवर्णपदक आणले. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षे एक वेळच्या जेवणावर काढली, हे तिने स्वतः सांगितलेले आहे. पुढे ती क्रीडा अधिकारी झाली. विश्वचषकाच्या संघातली अश्विनी शिंदेही धाराशिवचीच.

"सगळ्याच पोरी सारिका व्हत न्हाईत," दाजी पहिल्यांदा बोलले.

ते खरेच आहे. आम्हालाही उगीच फुगवून सांगणे आवडत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसते खेळल्याचे सांगून ते मिळत नाही. ठरवून दिलेल्या स्पर्धेत पदक लागते, त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात निवड, तिथून पश्चिम विभाग, तिथून अखिल भारतीय. दर पायरीला मुली गळतात. तरी कंडक्टरसाहेबांनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला नवी होती. पूर्वी विद्यापीठाच्या संघात जायचे तर कोल्हापूर, सांगली, सातारच्या मुलींना मागे टाकावे लागे. आता स्पर्धा आपल्या जिल्ह्यापुरती आहे. आणि बी.ए. झाले म्हणून खेळ संपत नाही. एम.ए.ला नाव घातले आणि वय पंचविसाच्या आत असले की विद्यापीठाकडून खेळता येते.

"एम.ए.ची फी किती पडती?" दाजींनी विचारले. कुणालाच नीट सांगता येईना. तिथे बैठक मोडली.

रात्री अक्का आणि आमची मंडळी आत बोलत बसल्या. अक्काची तक्रार वेगळीच. मुरमावर सूर मारून पोरीचे कोपर आणि गुडघे सोललेले. एक खपली निघत नाही तोवर दुसरी. "पाव्हणे आले की लांब हाताचा ड्रेस घालाय लावते बगा वैनी. विचारलं तर काय सांगू, पोरगी जमिनीवर लोळती म्हणून?" भाची भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आय, मी आखूड हाताचाच घालणाराय. बघू द्या की. नंतर कळण्यापरीस आधी कळलेलं बरं."

अक्का गप्प झाली. आम्हीही.

सकाळी सहाला आम्ही तिच्याबरोबर मैदानावर गेलो. वर्गणी करून मुरमाचा एक ट्रॅक्टर आणून टाकलेला होता, पण पसरायचा राहिला होता. मुली ओढण्या कमरेला खोचून घमेली उचलत होत्या. टेम्पोवाले फावडे घेऊन आलेले, कंडक्टरसाहेब दोरी धरून मधली पाटी सरळ करत होते. शिंप्यांनी चुन्याची रेघ मारली. कपडा कापायचीच सवय, रेघ कशी सुतासारखी आली. आमच्या मंडळींनीही दोन घमेली टाकली. आम्ही टाकली नाहीत, आमची कंबर वाचकांना माहीत आहे.

मग पळती लागली. खो-खोत पळणे म्हणजे नुसता वेग नव्हे, हे आम्हाला तिथे कळले. भाची खांबापाशी अशी थांबे की पाठलाग करणारीला वाटावे, आता सापडलीच. आणि ती अंग टाकणार इतक्यात ही बसलेल्या दोघींमधून पलीकडे. मागच्या पोरीने खो दिला की हिला आवाजावरून कळे, नवी कुठल्या बाजूला उठणार. मागे वळून पाहायची गरजच नाही. घरात एवढीशी वाटणारी ही मुलगी मैदानावर दोघींना गोल फिरवत होती. शिंपी घड्याळ धरून बसलेले. दोन मिनिटे पन्नास सेकंदांनी हात लागला.

"धा सेकंद कमी पडली," कंडक्टरसाहेब म्हणाले. कौतुक करायची त्यांना सवय नाही.

मागे वळून पाहिले तर बाभळीखाली सायकलला टेकून दाजी उभे होते. केव्हा आले कोण जाणे. आम्हाला पाहून म्हणाले, "रविवारी या म्हणलं नव्हतं मी तसं पक्कं. दिवाळीनंतर बगू, म्हणून फोन करतो. त्यांची घाई असली तर मग त्यांनी दुसरीकडं बगावं." एवढे बोलून ते सायकल घेऊन कामावर गेले. जाताना मैदानाकडे एकदा पाहिले. मुलीने पाहिले की नाही, ते तिलाच माहीत.

दुपारी कंडक्टरसाहेबांनी प्रश्नचिन्ह खोडले आणि पुढे तीन मिनिटे असे लिहिले. कागद ओट्यावरच्या सगळ्यांच्या हातून फिरला. संघाचे भवितव्य काय, तर टेम्पोवाल्यांच्या मते अंतिम सामना नक्की, शिंप्यांच्या मते सप्टेंबरच्या पावसावर, आणि आजीच्या मते नव्या दोन पोरी रात्री पोटभर जेवतात का यावर. आम्हाला आजीचे पटले.

स्टँडवर पोचवायला अक्का आली. आम्हाला वाटले, रागावलेली असेल. गाडी लागली, पिशव्या वर चढल्या, तेव्हा तिने आमच्या मंडळींच्या हातात घडी घातलेल्या नोटा कोंबल्या.

"वैनी, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या असतात बगा, जाड. म्हमईत चांगल्या मिळत्यात म्हणं. दोन जोड्या पाठवा," ती म्हणाली. गाडी हलली तशी ती खिडकीला धरून चार पावले चालत आली. "आन् कोपराच्या पण बगा!"