दाणा आणि शिंपला

बंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातल्या पालनासाठी ‘गिरिराज’ ही कोंबडी घडविली गेली. तशा चार माझ्या अंगणात आहेत. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक मिसळले जाई. २०१९ साली त्यावर बंदी आली, तरी मनातली शंका गेली नाही. म्हणून मी सेंद्रिय नाचणी निवडली. परंतु कोंबडी दिवसाला खाते जेमतेम शंभर ग्रॅम. तेवढ्या नाचणीत कॅल्शियम ग्रॅमचा तिसरा हिस्सा, आणि एका अंड्याच्या कवचाला लागते सुमारे दोन ग्रॅम. उणे पडले की ती ते आपल्या हाडांतून देते, मुकाट्याने. म्हणून नाचणीबरोबर पेंड असते आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. खाद्य निर्मळ असावे, हा आग्रह आपला. ते पुरते असावे, ही गरज तिची.