वीतभर पुढं

क्योटोतल्या जुन्या घरांना तिथली माणसं ‘वामीचं अंथरूण’ म्हणतात. रस्त्यावरून पाहिलं तर जेमतेम एक दार आणि लाकडी गजांची खिडकी. आत शिरलं की घर संपता संपत नाही. पुढं दुकान, मग खोल्या, मध्ये उजेडापुरती इवलीशी बाग. आपल्या पेठांतली सोपा-माजघर-परसू अशी घरं पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. या घरांचं खरं नाव ‘माचिया’. 2018 साली ऑगस्टपासून तीन महिने मी अशाच एका माचियात इतर चौघांबरोबर राहिले. निशिजिन हा विणकरांचा भाग. एखाद्या बंद दारामागून मागाची खटखट यायची आणि मला वडगाव आठवायचं.

आम्ही पाच जण, चार देशांचे. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, फ्रिजमधला कप्पा मात्र ज्याचा त्याचा. सामाईक भाषा मोडकी जपानी. तिची बांधणी आपल्या ओळखीची निघाली. आपलं ‘मी घराला जाते’, कन्नडमधलं ‘नानु मनेगे होगुत्तेने’ आणि तिथलं ‘वाताशि वा उचि नि काएरिमासु’ शेजारी ठेवून पाहा. ला, गे, नि, सगळे प्रत्यय मागून येणारे, आणि क्रियापद शेवटी. कोरियन मुलगी म्हणाली, आमच्याकडंही असंच. फ्रेंच मुलगा बिचारा प्रत्येक वाक्यात क्रियापदाची वाट पाहत बसे.

कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, वर कावळ्यांसाठी जाळी. हे चार दिवसांत अंगवळणी पडलं. वेळ लागला तो झाडण्याला.

तिथं सकाळी आपल्या दारापुढचा रस्ता झाडून पाणी शिंपडतात. आपला सडाच म्हणा, रांगोळी तेवढी नाही. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात खराटा घेऊन मला माप दाखवलं. आपली हद्द संपली की शेजाऱ्याच्या दारातलं वीत-दीड वीत आणखी झाडायचं आणि तिथंच थांबायचं. हद्दीवर थांबलात तर तुम्ही कोरडे. सगळंच झाडलंत तर शेजाऱ्यावर ओझं, शिवाय ‘तुमचं दार घाण असतं’ हा टोमणाही.

हद्द म्हटलं की सीमाभागातल्या माणसाचे कान टवकारतातच. आपली हद्द 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेली. इथं हद्दीवर दोन खराट्यांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसत.

आजी फार बोलत नसत. क्योटोच्या बोलीत ‘ओओकिनि’ म्हणजे आभार, एवढं म्हणून आत जात. पण भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळं त्यांचा खोकला, रात्रीचा टीव्ही, सकाळी सरकणारं दार, सगळं ऐकू येई. दार उशिरा सरकलं तर आम्ही एकमेकांकडं बघायचो.

4 सप्टेंबरला ‘जेबी’ वादळ आलं. क्योटो स्टेशनच्या छताच्या काचासुद्धा कोसळल्या. आजींच्या घराची कौलं उडाली. माचियाची दुरुस्ती जुन्या पद्धतीनं करायची तर जाणता सुतार हवा आणि पैसाही बक्कळ. महिन्याभरात आजी लेकीकडं राहायला गेल्या. जाताना आमच्या दारात मिठाईचा डबा ठेवून गेल्या. मग यंत्र आलं. शंभरेक वर्षांचं लाकूड आठवडाभरात ट्रकात भरलं गेलं. 2016 च्या पाहणीत शहरात सुमारे 40 हजार माचिया उरल्याचं आढळलं होतं, त्याआधीच्या सात वर्षांत साडेपाच हजारांहून जास्त गेल्या होत्या. हे आकडे मी आधीच वाचले होते. भिंतीपलीकडची शांतता त्यांत नव्हती.

त्या जागी भाड्याचं पार्किंग झालं. डांबर, पांढरे पट्टे, पैसे टाकायचं यंत्र.

मी निघायच्या आठवड्यात झाडायची पाळी कोरियन मुलीची होती. ती हद्दीवर खराटा टेकवून उभी राहिली. आम्ही दारातून बघत होतो. “आता पुढं झाडायचं का?” तिनं विचारलं. कुणालाच उत्तर सुचेना. तिनं डांबरावरचं वीत-दीड वीत झाडलं, पाणी शिंपडलं आणि खराटा कोपऱ्यात ठेवला.